दोनशेच्या खाली कार्ड नाही

किरकोळ विक्रीच्या दुकानांत गल्ल्यापाशी ‘उधारी बंद आहे’ आणि ‘सुट्टे पैसे द्यावेत’ या जुन्या पाट्यांच्या शेजारी गेल्या दीड-दोन दशकांत आणखी एक पाटी येऊन बसली. कार्डाने पैसे द्यायचे असतील तर बिल अमुक रकमेच्या वर गेले पाहिजे, असे ती सांगते. रकमेचा आकडा दुकानागणिक बदलतो, कुठे शंभर, कुठे दोनशे, तर कुठे पाचशे, आणि पुष्कळ ठिकाणी पाटी नसतेच, त्याऐवजी ‘मशीन बंद आहे’ किंवा ‘रेंज नाही’ एवढे उत्तर मिळते. ग्राहकाला ही अडवणूक वाटते, कारण त्याच्या मते कार्ड हे पैसेच आहेत आणि पैसे घ्यायला नकार देण्याचा दुकानदाराला काय अधिकार, असा त्याचा सवाल असतो. दुकानदाराला मात्र हा नकार म्हणजे आपल्या तुटपुंज्या नफ्याची राखण वाटते. वाद गल्ल्याच्या अलीकडे-पलीकडे उभ्या असलेल्या या दोघांत होतो, पण त्याचे मूळ त्या क्षणी दुकानात हजर नसलेल्या तिघांच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब समजून घेतल्याखेरीज पाटी रास्त की गैर, हे ठरवता येत नाही.

हे तिघे म्हणजे ग्राहकाला कार्ड देणारी बँक, दुकानदाराला कार्डाचे मशीन देणारी बँक आणि या दोन बँकांना जोडणारे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्यासारखे जाळे. ग्राहकाने १०० रुपयांच्या मालासाठी कार्ड वापरले, तर त्याच्या खात्यातून किंवा त्याच्या उधारीच्या हिशेबात पूर्ण १०० रुपये वळते होतात, परंतु दुकानदाराच्या खात्यात १०० रुपये येत नाहीत. त्यातून काही भाग कापून घेतला जातो, आणि या कपातीला ‘मर्चंट डिस्काउंट रेट’ किंवा थोडक्यात एमडीआर म्हणतात. दुकानदारांच्या तोंडी हा शब्द क्वचितच असतो, ते ‘मशीनचे दोन टक्के कटतात’ एवढेच म्हणतात. कापलेल्या रकमेतील मोठा वाटा, ज्याला ‘इंटरचेंज’ असे नाव आहे, कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, काही जाळ्याला मिळतो आणि उरलेला मशीन देणाऱ्या बँकेकडे राहतो. हुंडीच्या व्यवहारातही एका गावचे पैसे दुसऱ्या गावी पोचवण्याचा मोबदला असे, त्याला हुंडणावळ म्हणत. पण हुंडी लिहून घेणाऱ्याला ती किती पडते हे चोख ठाऊक असे, कारण ती त्यालाच मोजावी लागे. कार्डाची हुंडणावळ दुकानदार भरतो आणि कार्ड वापरणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. या झगड्यातील निम्मा कडवटपणा एवढ्या एका फरकातून आलेला आहे.

खर्च दुकानदाराने सोसायचा आणि सोय ग्राहकाला मोफत मिळाल्यासारखी दिसायची, ही रचना कार्डाइतकीच जुनी आहे. १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या डायनर्स क्लबने उपाहारगृहांकडून बिलाच्या सात टक्के घेतले आणि त्याबदल्यात खर्चिक गिऱ्हाईक मिळवून देण्याचे आश्वासन दिले. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरात सुमारे ६० हजार रहिवाशांना न मागताच कार्डे टपालाने पाठवली, आणि पुढे व्हिसा या नावाने जगभर गेलेले जाळे त्याच प्रयोगातून उभे राहिले. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणले, तेव्हाही ते बड्या हॉटेलांचे आणि मोठ्या दुकानांचे साधन होते. जोपर्यंत कार्ड मोठ्या बिलांपुरते होते, तोपर्यंत ही कपात कोणाला फारशी बोचली नाही; चहा, पाव, दुधाची पिशवी यांच्यासाठी कार्ड पुढे येऊ लागले, तेव्हा जुनी रचना आणि नवी सवय यांचा मेळ बसेना.

हा मेळ का बसत नाही, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून सर्वांत स्वच्छ दिसते, कारण तेथील शुल्काचे दोन तुकडे असतात: बिलाच्या प्रमाणात वाढणारी टक्केवारी आणि बिल कितीही असले तरी न बदलणारी काही सेंटची ठोक रक्कम. समजा शुल्क दोन टक्के अधिक १० सेंट इतके आहे. तर ५० डॉलरच्या बिलावर एक डॉलर १० सेंट, म्हणजे २.२ टक्के जातात, १० डॉलरच्या बिलावर ३० सेंट, म्हणजे तीन टक्के, आणि दोन डॉलरच्या कॉफीवर १४ सेंट, म्हणजे थेट सात टक्के. बिल लहान होत जाते तसतसा ठोक रकमेचा भार वाढत जातो, आणि एका मर्यादेखाली दुकानदाराने माल विकला काय किंवा न विकला काय, त्याच्या पदरी सारखेच पडते. किमान बिलाची पाटी ही मर्यादा कुठे आहे हे दाखवणारी खूण आहे, आणि अमेरिकेतील दुकानदाराने ती लावली तर त्याच्या बाजूने एवढा साधा हिशेब पुरेसा आहे.

तरीही कित्येक वर्षे ही पाटी लावणे तेथे करारभंग समजले जाई. कार्डाचे मशीन घेताना दुकानदार जो करार करतो, त्यातून जाळ्याची नियमावली त्याच्यावर बंधनकारक होते, आणि कार्ड स्वीकारण्यासाठी किमान किंवा कमाल रकमेची अट घालू नये, असे व्हिसा आणि मास्टरकार्ड यांची नियमावली सर्वसाधारणपणे सांगत आली आहे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेत वित्तीय सुधारणांचा जो मोठा कायदा झाला आणि ज्यावर २१ जुलै २०१० रोजी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली, त्या डॉड-फ्रँक कायद्यात इलिनॉयचे सिनेटर डिक डर्बिन यांच्या नावाने ओळखली जाणारी एक दुरुस्ती होती. तिने दुकानदारांना क्रेडिट कार्डासाठी जास्तीत जास्त १० डॉलरपर्यंत किमान बिलाची अट घालण्याची मुभा दिली. अट घालताना एका बँकेच्या किंवा एका जाळ्याच्या कार्डाला झुकते माप देता येणार नाही, असे बंधन सोबत ठेवले आणि १० डॉलरचा आकडा पुढे वाढवण्याचा अधिकार तेथील मध्यवर्ती बँकेला, म्हणजे फेडरल रिझर्व्हला दिला. ही मुभा फक्त क्रेडिट कार्डाला आहे, डेबिट कार्डाला नाही. परंतु गल्ल्यावरच्या पाटीत हा भेद सहसा उतरत नाही, आणि ‘कार्डासाठी किमान १० डॉलर’ असे सरसकट लिहिलेली पाटी अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्याही परिचयाची झाली आहे.

डेबिट कार्डाला या मुभेतून वगळण्यामागे एक समजूत होती: त्याच दुरुस्तीने डेबिट कार्डाचे शुल्क कमी होणार असल्यामुळे दुकानदाराला किमान बिलाची गरजच उरू नये. १ ऑक्टोबर २०११ पासून मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांवरील इंटरचेंजला व्यवहारामागे २१ सेंट अधिक बिलाच्या ०.०५ टक्के अशी कमाल मर्यादा आली, आणि फसवणूक रोखण्याच्या उपायांसाठी त्यावर आणखी एक सेंट घेण्याची परवानगी मिळाली. त्यापूर्वीची सरासरी व्यवहारामागे सुमारे ४४ सेंट होती, म्हणून वरवर पाहता दुकानदारांचा भार निम्म्याने उतरला. पण सरासरी ही मोठ्या आणि लहान बिलांची मिळून असते. लहान बिलांसाठी जाळ्यांनी पूर्वी सवलतीचे वेगळे दर ठेवले होते, ते नव्या व्यवस्थेत गेले आणि कमाल म्हणून ठरवलेला आकडाच सर्वांना लागू होऊ लागला, त्यामुळे दोन डॉलरच्या खरेदीवर २१-२२ सेंट, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक कपात होऊ लागली. यंत्रातून एका रात्रीसाठी चित्रपटाच्या डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या रेडबॉक्स या कंपनीने ऑक्टोबर २०११ मध्ये आपले भाडे एक डॉलरवरून एक डॉलर २० सेंट केले आणि डेबिट कार्डाच्या वाढलेल्या खर्चाचे कारण दिले. लहान व्यापाऱ्याच्या भल्यासाठी केलेला नियम लहान बिलालाच जाचला, आणि याचे कारण त्याच्या घडणीतच होते: ठोक रकमेचा नियम करताना ती रक्कम कोणत्या बिलावर बसणार आहे, हे पाहिले गेले नाही.

ब्रिटनमध्ये वाट वेगळी होती, पण पाटी तीच राहिली. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून इंटरचेंजवर डेबिट कार्डासाठी ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्के अशी कमाल मर्यादा घातली, आणि ब्रिटनने १३ जानेवारी २०१८ पासून सर्वसामान्य ग्राहकांच्या कार्डांवर अधिभार, म्हणजे कार्डाने पैसे दिल्याबद्दल वेगळी आकारणी करण्यास बंदी केली. किमान बिलाच्या अटीला मात्र कायद्याने हात लावला नाही. साहजिकच कोपऱ्यावरच्या ज्या लहान दुकानांत पूर्वी ‘पाच पौंडांच्या आत कार्ड वापरल्यास ५० पेन्स जादा’ अशा धर्तीची पाटी असे, तेथे ‘पाच पौंडांच्या आत कार्ड नाही’ हाच एक पर्याय उरला. इंटरचेंज उतरल्यावर तरी पाट्या उतरायला हव्या होत्या; परंतु तेथील देयक व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या नियामकाने २०२१ मध्ये पूर्ण केलेल्या चौकशीत असे आढळले, की बँकांच्या पातळीवर झालेली ही बचत बड्या साखळी दुकानांना मिळाली तरी लहान दुकानदारांपर्यंत फारशी झिरपली नाही. मधल्या कड्या तशाच राहिल्या, तर वरच्या दराला लावलेली कात्री गल्ल्यापर्यंत पोचत नाही, आणि दुकानदार ज्या आकड्याने वागतो तो त्याच्या मासिक बिलावरचा असतो, राजपत्रातला नव्हे.

भारतातील प्रश्नाकडे वळले, की हिशेबाची तऱ्हा बदलते. येथे दुकानदाराकडून होणारी कपात मुख्यतः टक्केवारीची आहे, आणि शुद्ध टक्केवारीत लहान बिलाला वेगळा भुर्दंड नसतो: ५० रुपयांवर दोन टक्के म्हणजे एक रुपया आणि पाच हजारांवर दोन टक्के म्हणजे शंभर रुपये, दोन्हीकडे प्रमाण सारखेच. उलट, कार्डाच्या व्यवहारात बँकेच्या सेवेवर जो वस्तू व सेवा कर लागतो, तो दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला माफ आहे, म्हणजे लहान बिलाला किंचित सवलतच मिळते. मग अमेरिकेतील दुकानदाराच्या बाजूने उभा राहणारा हिशेब पुण्या-नागपुरातील दुकानदाराच्या कामी यावा कसा? हा प्रश्न टाळून या पाटीचे समर्थन करणे बरोबर नाही, आणि केवळ तेवढ्यावर दुकानदाराला लबाड ठरवणेही बरोबर नाही.

उत्तर बिलाच्या रकमेपेक्षा बिलातील मालात सापडते. बँकेची टक्केवारी विक्रीवर असते, दुकानदाराचे पोट मात्र विक्रीवर नव्हे, तर सुटणाऱ्या पैशांवर चालते. ज्या मालाच्या १०० रुपयांच्या विक्रीमागे पाच रुपये सुटतात, त्यावर कार्डाचे दोन रुपये गेले की तीन उरतात, म्हणजे विक्रीवरचे दोन टक्के नफ्यावरचे ४० टक्के होतात. ज्या मालावर ३० रुपये सुटतात, तेथे तेच दोन रुपये फारसे जाणवत नाहीत. किराणा दुकानात लहान बिलाचा माल बहुधा पहिल्या जातीचा असतो: दुधाची पिशवी, पाव, अंडी, साखरेचा पुडा, मोबाइलचे रिचार्ज. या बहुतेकांची किंमत छापील असते, ती ओलांडून एक रुपयाही घेता येत नाही, आणि शेजारच्या दुकानात तोच माल त्याच भावाने मिळत असल्यामुळे कपातीचा भार किमतीत मिसळून टाकण्याची वाटही बंद असते. दोनशे-पाचशेचे बिल होते तेव्हा त्यात सुटा मसाला, सुकामेवा, साबण, बिस्किटे असा जास्त पैसे सोडणारा माल मिसळलेला असतो आणि दुकानदार दोन टक्के सोसू शकतो. म्हणून भारतातील पाटीवरचा आकडा हा खरे तर मालाच्या मिश्रणाचा अंदाज आहे, आणि अंदाज म्हटला की तो कधी फसतो, कधी मुद्दाम ताणला जातो.

मशीनभोवतीचा बाकीचा खर्चही विचारात घ्यावा लागतो. सकाळी आठच्या सुमाराला, दुधा-पावाची गर्दी असताना एका कार्डाला किती वेळ लागतो, ते लक्षपूर्वक पाहिले तर दुकानदाराची घाई कळते: रक्कम टाकायची, मशीनला रेंज मिळेपर्यंत थांबायचे, ग्राहकाने पिन चुकवला तर पुन्हा सुरुवात करायची, कागदाच्या गुंडाळीतून एक प्रत निघाली की ती फाडून ठेवायची आणि ग्राहकासाठी दुसरी काढायची, आणि तोवर मागे उभ्या असलेल्या चौघांच्या हातात मोजून आणलेल्या नोटा असतात. पिन न टाकता नुसते कार्ड टेकवून पैसे देण्याची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून दोन हजारांवरून पाच हजार रुपये झाल्याने यातील काही वेळ वाचला, मात्र त्यासाठी मशीन आणि कार्ड दोन्ही नव्या धाटणीची लागतात. रात्री दुकान बंद करताना दिवसभराच्या व्यवहारांचे ‘सेटलमेंट’ करायचे, म्हणजे सगळे व्यवहार एकगठ्ठा बँकेकडे पाठवायचे. पैसे सहसा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, कपात होऊन, एका रकमेत जमा होतात, आणि कोणत्या बिलाचे किती आले हे ताडून पाहण्याइतकी सवड एकट्याने दुकान चालवणाऱ्याला नसते. पहाटे वाशीच्या किंवा गुलटेकडीच्या बाजारात रोखीने माल उचलायचा असतो तेव्हा आदल्या दिवशीची कार्डाची विक्री खिशात आलेली नसते. मशीनचे मासिक भाडे तर विक्री होवो न होवो, द्यावेच लागते. काही दुकानदारांना विक्रीची नोंद कागदावर येऊ नये असेही वाटते, आणि कर चुकवण्यासाठी कार्ड नाकारले जाते हा आरोप सर्वस्वी खोटा नाही. पण तो प्रत्येक लहान दुकानदारावर ठेवणे अन्यायाचे आहे, कारण वर दिलेली कारणे हिशेब चोख ठेवणाऱ्यालाही तितकीच लागू पडतात.

रिझर्व्ह बँकेने या कपातीला आळा घालण्याचे प्रयत्न टप्प्याटप्प्याने केले, आणि ते सारे डेबिट कार्डापुरते होते. २०१२ मध्ये दोन हजार रुपयांपर्यंतच्या डेबिट व्यवहारांवर ०.७५ टक्के आणि त्यावरील व्यवहारांवर एक टक्का अशी कमाल मर्यादा ठरली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर नोटांच्या टंचाईने लोक कार्डाकडे वळले, तेव्हा १ जानेवारी २०१७ पासून एक हजार रुपयांपर्यंत पाव टक्का आणि दोन हजारांपर्यंत अर्धा टक्का असे उतरते दर आले. त्याच महिन्यात पेट्रोल पंपांवर कार्डाची कपात पंपचालकांच्या गळ्यात पडण्याची चिन्हे दिसताच त्यांच्या संघटनेने कार्ड घेणे बंद करण्याचा इशारा दिला आणि सरकारला मध्ये पडावे लागले; पंपचालकाला लिटरमागे ठरावीक कमिशन मिळते, पेट्रोलचा भाव त्याच्या हातात नसतो, आणि म्हणूनच छापील किमतीच्या मालात अडकलेल्या किराणा दुकानदाराचीच अडचण तेथे मोठ्या प्रमाणावर दिसली. १ जानेवारी २०१८ पासून निकष बदलून बिलाच्या रकमेऐवजी दुकानाच्या उलाढालीवर नेण्यात आला: वर्षाला २० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना ०.४० टक्के, इतरांना ०.९० टक्के. शिवाय दोन हजारांपर्यंतच्या डेबिट व्यवहारांची कपात दोन वर्षे सरकारने स्वतः भरली. क्रेडिट कार्डावर मात्र अशी कोणतीही मर्यादा आली नाही, आणि दुकानदार ‘दोन टक्के’ म्हणतो ते प्रामुख्याने याच कार्डाविषयी. मशीनमध्ये कार्ड जाईपर्यंत ते डेबिट आहे की क्रेडिट याचा बोध घाईगर्दीत होत नाही, त्यामुळे नकार दोघांनाही मिळतो.

दुकानदारापुढे दुसरा मार्ग कपात उघडपणे ग्राहकाकडून वसूल करण्याचा असतो, आणि सराफी पेढ्यांत किंवा टीव्ही-फ्रिजच्या दुकानांत ‘कार्डावर दोन टक्के वर पडतील’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. डेबिट कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच अशी आकारणी असमर्थनीय ठरवली आणि २०१८ चे दर जाहीर करतानाही ही कपात ग्राहकावर टाकली जाऊ नये, याची जबाबदारी बँकांवर ठेवली. ग्राहकाच्या दृष्टीने हे संरक्षण आवश्यक आहे. तरीही त्याचा एक परिणाम नोंदवला पाहिजे: भाव छापील, अधिभार निषिद्ध आणि कपात अटळ, अशा तिहेरी कोंडीत सापडलेल्या दुकानदाराला गिऱ्हाईक परत पाठवणे किंवा त्याला आणखी काही घ्यायला लावणे एवढेच उरते. ४० रुपयांची पेस्ट घ्यायला आलेला माणूस दोनशेचा आकडा गाठण्यासाठी नको असलेली चार पाकिटे घेऊन बाहेर पडतो, तेव्हा कार्डाचे शुल्क त्याने भरलेलेच असते, फक्त त्याची पावती त्याला मिळत नाही.

हे शुल्क शेवटी कोण भरतो, याचा शोध घेताना पाटी न लावणाऱ्या दुकानांकडेही पाहावे लागते. मोठी दुकाने कार्डाचा खर्च सर्वच मालाच्या किमतीत पसरवतात, त्यामुळे रोखीने पैसे देणाराही तो भरतो. उलट क्रेडिट कार्ड देणारी बँक इंटरचेंजमधून मिळालेल्या पैशांतून कार्डधारकाला गुण, सवलती, विमानतळावरील विश्रामकक्ष असे लाभ देते. अमेरिकेत बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, या फिरवाफिरवीत रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर गमावत होते आणि कार्ड वापरणारे सरासरी कुटुंब १,१३३ डॉलर मिळवत होते. कार्डधारक कुटुंबे सर्वसाधारणपणे अधिक मिळकतीची असल्यामुळे पैसा गरिबाकडून श्रीमंताकडे वाहत होता. या दृष्टीने पाहिले तर किमान बिलाची पाटी ओबडधोबड खरी, पण प्रामाणिक आहे. कार्डाला खर्च आहे हे ती लपवत नाही, आणि पावशेर साखर रोखीने नेणाऱ्याच्या खिशातून तो खर्च गुपचूप काढतही नाही. तिचा खरा दोष हा, की हातात रोकड नसलेल्या परगावच्या माणसाला, औषधाच्या दुकानात रात्री उभ्या असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला ती अडवते, आणि अशा ठिकाणी तिचे कोणतेही समर्थन टिकत नाही.

भारतात या पाटीला खरा शह दिला तो कार्डाच्या नियमांनी नव्हे, तर कार्डाला बाजूला सारणाऱ्या साधनाने. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय या व्यवस्थेत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे थेट आणि तत्काळ जातात, मशीनऐवजी चौकटींची छापील खूण, म्हणजे क्यूआर कोड पुरतो, आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआय तसेच रुपे डेबिट कार्ड यांच्यावरील एमडीआर कायद्यानेच शून्य करण्यात आला. परिणाम रस्त्यावर दिसतो: वडापावच्या गाडीवर पंधरा रुपयेही फोनवरून दिले जातात, जमा झालेली रक्कम डबीसारखा छोटा भोंगा मोठ्याने सांगतो, आणि त्या गाडीवर किमान रकमेची पाटी नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या एका महिन्यातील व्यवहारांनी एक हजार कोटींचा आकडा ओलांडला. शुल्क गेले आणि पाटीही गेली, म्हणजे तिच्यामागे दुकानदाराचा हटवादीपणा असल्याचा समज किती उथळ होता, हे या एका बदलाने सिद्ध केले. अर्थात खर्च नाहीसा झालेला नाही, तो जागा बदलून बसला आहे. बँकांची यंत्रणा फुकट चालत नाही, म्हणून सरकार त्यांना प्रोत्साहनापोटी रक्कम देते. २०२४-२५ या वर्षासाठी अशी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली आणि लहान व्यापाऱ्यांकडील दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के असा दर तीत धरण्यात आला. दुकानदाराच्या गल्ल्यातून जाणारे पैसे आता करदात्याच्या खिशातून जातात, आणि ते पुरेसे नाहीत अशी बँकांची तक्रार कायम आहे.

या व्यवस्थेत क्रेडिट कार्ड मागच्या दाराने पुन्हा आले आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, त्यामुळे दुकानातील तोच क्यूआर कोड स्कॅन करून ग्राहक खात्यातून पैसे देऊ शकतो किंवा उधारीच्या कार्डातून. लहान व्यापाऱ्याला दोन हजार रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर काही द्यावे लागत नाही, त्यापुढच्या रकमेवर मात्र क्रेडिट कार्डाप्रमाणे शुल्क बसते. १,९०० रुपयांच्या बिलावर दुकानदाराला पूर्ण पैसे मिळतात, २,१०० च्या बिलावर ते कापून मिळतात, आणि ग्राहकाने फोन पुढे धरला असताना पैसे कोठून येणार आहेत हे दुकानदाराला समोरून दिसत नाही. जुन्या पाटीने लहान बिलाला कार्ड नाकारले होते; या नव्या हिशेबात दुकानदाराला अडचण आहे ती मोठ्या बिलाची, आणि तो आता पैसे घेण्यापूर्वी ‘खात्यातून देताय की क्रेडिटमधून?’ असे विचारू लागला आहे.